पाषाणभेद

पाषाणभेद हे मुतखड्यावर (संस्कृत: अश्मरी) वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीचे आयुर्वेदीय नाव आहे. हे नाव प्रामुख्याने बर्जेनिया सिलियाटा (समानार्थी नाव बर्जेनिया लिग्युलाटा) या हिमालयीन वनस्पतीस दिले जाते. परंतु निरनिराळ्या प्रदेशांत ते इतर वनस्पतींनाही लावलेले आढळते.

वर्णन

ही बहुवर्षायू वनस्पती हिमालयात खडकांच्या भेगांमध्ये वाढते. पाने मोठी, जाड व गोलसर असून फुले पांढरी ते गुलाबी असतात. औषधात तिचे मूलक्षोड वापरतात; त्यात बर्जेनिन हे संयुग असते. तिच्या कुलाचे नाव सॅक्सिफ्रॅगेसी असून, त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘दगड फोडणारी’ असाच आहे.

नावातील संदिग्धता

महाराष्ट्रात मुतखड्यासाठी पानफुटीची (कलांचो पिनाटा) पाने खाण्याचा प्रघात असून तिलाही पाषाणभेद म्हणतात. दक्षिण भारतात कापूरमाधुरी (एर्वा लॅनाटा), तर काही ग्रंथांत पानओवा या नावाने ओळखला जातो. या वनस्पतींची कुले व रासायनिक घटक भिन्न आहेत. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड वर्गातील संयुगे असतात. त्यामुळे एकीचे गुणधर्म दुसरीस लागू होतात असे समजणे धोक्याचे ठरते.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

चरकसंहितेत लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या (मूत्रविरेचनीय) दहा द्रव्यांमध्ये पाषाणभेद व गोखरू यांचा समावेश आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत. नवी अश्मरी औषधांनी साध्य होते, मात्र वाढलेल्या अश्मरीस शस्त्रक्रिया आवश्यक ठरते, असे सुश्रुताचे मत आहे.

इतर वनस्पती

गोखरू (सराटा), वायवर्णा व पुनर्नवा यांचे काढे मुतखड्यावर देतात. कोकणात व देशावर कुळथाचे (हुलग्याचे) कढण पिण्याची घरगुती पद्धत रूढ आहे.

उपयुक्तता व मर्यादा

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. तयार झालेला असा खडा औषधाने विरघळविता येत नाही. युरिक आम्लाचा खडा मात्र लघवीची आम्लता कमी करून विरघळविता येतो. पाषाणभेदाच्या अर्काने स्फटिकांची वाढ मंदावते, असे प्रयोगशाळेत व प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मानवावरील पुरावा अपुरा आहे. सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. म्हणून काढा घेतल्यानंतर खडा पडला, एवढ्यावरून तो काढ्यामुळेच पडला असे सिद्ध होत नाही. काढ्याबरोबर पोटात जाणाऱ्या पाण्याचाही लाभ होतो; दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा खडे पुन्हा होऊ नयेत यासाठीचा मान्य उपाय आहे.

मूत्रमार्ग अडलेला असताना वनौषधींवर विसंबून राहिल्यास मूत्रपिंडास कायमची इजा होऊ शकते. थंडी वाजून ताप येणे, लघवी बंद होणे, सतत उलट्या किंवा असह्य कळा ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण व हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय या वनस्पती घेऊ नयेत.