मेणाचा हात

१९९८ सालच्या श्रावणात आमच्या अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. औषधे चालू होती, रोज मालीश होत होते. पण हात काही उचलत नव्हता. तेव्हा आम्ही माहीमला दोन खोल्यांत राहत असू. समोरच्या बिऱ्हाडातल्या आंटी ख्रिस्ती. सप्टेंबर उजाडला तशी त्या आईला म्हणाल्या, "वैनी, बांद्र्याच्या जत्रेला चला. मोत माउलीला मेणाचा हात वाहा."

आई रोज तुळशीला पाणी घालणारी. पण तिने एका शब्दाने खळखळ केली नाही. खळखळ केली ती मी. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि बुद्धिवादावरची दोन पुस्तके नुकतीच वाचून झाली होती. त्यामुळे जगातले सारे गूढ मला उकलले होते! मी म्हटले, "आई, मेणाच्या हाताने माणसाचा हात हलला असता, तर डॉक्टर कशाला लागले असते?" आईने उत्तर दिले नाही. रविवारी सकाळी पिशवी घेऊन ती गेली, दिवेलागणीला परतली. ती चपला काढत होती, तोच मी अण्णांच्या समोर विचारले, "काय, हलला का हात?"

हे वाक्य मला आजतागायत विसरता आलेले नाही. लूर्दची हकीगत वाचताना तर ते पुन्हा पुन्हा कानांत घुमत राहिले.

लूर्द हे फ्रान्सच्या दक्षिणेचे, डोंगरपायथ्याचे गाव. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी तिथल्या एका गुहेजवळ बर्नादेत सुबीरू नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला एक शुभ्रवस्त्रा स्त्री दिसली. बाप गिरणीवाला, पण धंदा बुडालेला, आणि कुटुंब राहत होते ते जुन्या, टाकून दिलेल्या तुरुंगाच्या खोलीत. जुलैपर्यंत असे दर्शन तिला अठरा वेळा झाले. मध्यंतरी गुहेत झरा लागला आणि त्याच्या पाण्याने लोक बरे होतात, असा बोलबाला झाला.

आता गंमत पाहा. फौजदाराने मुलीला बोलावून उलटतपासणी घेतली. सरकारने फळ्या ठोकून गुहा बंद केली. ती सम्राटाच्या हुकमाने पुढे उघडली. आणि गावचा धर्मगुरू? त्याला आनंद व्हावा की नाही? तो म्हणाला, तुझ्या त्या बाईला ऐन थंडीत रानगुलाब फुलवून दाखवायला सांग! श्रद्धाळू तेवढे भोळे आणि अश्रद्ध तेवढे चिकित्सक, अशी आपण सोयीची वाटणी करून ठेवलेली असते. ती इथे पहिल्याच पानावर मोडते.

१८८३ साली लूर्दला वैद्यकीय कचेरीच निघाली. बरे झालो म्हणून सांगणाऱ्याला तिथे तपासतात. कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या डॉक्टरला त्या तपासणीत बसता येते. 'चमत्कार' हा शब्द डॉक्टर उच्चारीत नाहीत. आजच्या वैद्यकाला याचा उलगडा होत नाही, एवढेच ते सांगतात. पुढचा निर्णय बिशपचा. आजवर सात हजारांवर प्रकरणांची नोंद झाली. पण २०२५ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली ती अवघ्या ७२ प्रकरणांना.

१८९२ साली प्रख्यात कादंबरीकार एमिल झोला तिथे गेला. मारी लब्रांशू नावाची क्षयाची रोगी बाई बरी झालेली त्याने पाहिली. दोन वर्षांनी त्याची 'लूर्द' ही कादंबरी आली. त्या बाईवरून घेतलेल्या पात्राला झोलाने बरे केले, पुन्हा आजारी पाडले आणि मारून टाकले. खरी बाई मात्र पुढे कित्येक वर्षे जगली! कादंबरीकाराला तेवढी मुभा असतेच, हे मीही वर्गात शिकवतो. परंतु जी हकीगत आपल्या मतात बसेना, तिचा शेवटच बदलावा, हा मोह मला फार ओळखीचा वाटला.

दहा वर्षांनी, १९०२ साली, आलेक्सी कारेल हा लिआँचा तरुण डॉक्टर आजारी यात्रेकरूंच्या गाडीबरोबर गेला. मारी बाई नावाची मुलगी पोटाच्या क्षयाने मरणपंथाला लागली होती. तिचे फुगलेले पोट काही वेळात सपाट झालेले त्याने डोळ्यांनी पाहिले. त्याने ते दडवले नाही, आणि त्याला चमत्कारही म्हटले नाही. झाले! भाविकांना तो शंकेखोर वाटला, डॉक्टरांना भोळसट. लिआँमध्ये त्याच्या वाटा बंद झाल्या; १९०४ साली त्याने फ्रान्स सोडला. १९१२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कारेलला, रक्तवाहिन्या शिवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. आणि ती मुलगी? ती जोगीण झाली आणि १९३७ पर्यंत जगली. पण तिची तपासणी पुरेशी झाली नव्हती असे ठरवून लूर्दच्याच वैद्यकीय समितीने १९६४ साली तिचे प्रकरण नाकारले.

खुद्द बर्नादेत दम्याने आणि हाडांच्या क्षयाने पस्तिसाव्या वर्षी वारली. झऱ्याने तिला बरे केले नाही.

आमच्या वर्गातही याहून निराळे घडत नाही. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा निघाली की अर्धा वर्ग हसतो आणि अर्धा रागावतो. संन्याशाची पोरे म्हणून चार पोरक्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी दारोदार फिरावे लागले, त्यांचे काय, हे विचारणारा विद्यार्थी विरळा.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाची कथा आहे. त्याला दृष्टी येते. शेजारी वाद घालतात, हा तोच भिकारी की दुसरा कोणी. शास्त्री-पंडित म्हणतात, बरे केले ते शब्बाथाच्या दिवशी कसे? आईबाप वाळीत पडण्याच्या भीतीने त्याच्याकडेच बोट दाखवतात. शेवटी त्यालाच हाकलून देतात. बाबा रे, तुला दिसू लागले, बरे झाले, असे त्या सबंध गर्दीत एकही माणूस म्हणत नाही!

माझे म्हणणे विपरीत घेऊ नये. चमत्काराच्या नावाखाली रोग्याचे औषध तोडायला लावणारा कोणत्याही धर्माचा असो, त्याला कायद्याचा बडगा दाखवलाच पाहिजे; महाराष्ट्राने २०१३ साली तसा कायदा केला, हे योग्यच झाले. पण आमच्या घरी औषध कोणी बंद केले नव्हते. आई जत्रेला निघण्यापूर्वी अण्णांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवून गेली होती. ती वाटी मला दिसली नाही. मला फक्त मेणाचा हात दिसला.

अण्णांचा हात शेवटपर्यंत हलला नाही. डाव्या हाताने ते जेवायला शिकले, वाकडीतिकडी सही करायला शिकले. २००९ साली ते गेले. त्यानंतर केव्हातरी मी धीर करून आईला विचारले, "त्या दिवशी तू काय मागितलंस गं?"

ती म्हणाली, "मागायचं ते मागितलं. पण खरं सांगू? तिथे रांगेत चार तास उभी होते. कुणाच्या हातात मेणाचा पाय, कुणाच्या हातात मेणाचं बाळ. पुढची बाई मागे वळून विचारायची, 'कुणासाठी?' मी सांगितलं. मग तिनं तिचं सांगितलं. झटका आल्यापासून मला असं कुणी विचारलंच नव्हतं रे."

मी गप्प बसलो. विचारण्याजोगा तो एकच प्रश्न होता आणि तो मी विचारला नव्हता.

गेल्या सप्टेंबरात आईला घेऊन मी बांद्र्याला गेलो. माझा विश्वास बसला आहे, असे मुळीच नाही. टेकडीवर पाऊस भुरभुरत होता, रांग हलता हलत नव्हती. आमच्या पुढे एक तरुण मुलगा मेणाचे दोन डोळे रुमालात जपून धरून उभा होता. माझ्या तोंडाशी जुना युक्तिवाद आला होता. मी तो गिळला आणि विचारले, "कुणासाठी?"

दाराशी पोहोचेपर्यंत तो बोलत होता.