लेननच्या आधीची ‘ॲना’

११ फेब्रुवारी १९६३, सोमवार. लंडनमधल्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत सकाळी दहापासून लिव्हरपूलची चार पोरं गात-वाजवत होती. हेलन शापिरो या तेव्हाच्या लाडक्या गायिकेबरोबर त्यांचा इंग्लंडभर दौरा चालू होता. त्यातून एक दिवस मोकळा काढून त्यांना पहिल्या एलपीसाठी दहा गाणी उरकायची होती. जॉन लेननला सडकून सर्दी झालेली. घशाच्या गोळ्या, दूध आणि (काय म्हणावं!) सिगारेटी, एवढ्या आधारावर तो दिवस रेटत होता. संध्याकाळची पाळी साडेसातला सुरू झाली. ‘होल्ड मी टाइट’ या स्वतःच्याच गाण्यावर तेरा टेक वाया गेले आणि शेवटी ते बाजूला टाकावं लागलं. मग त्यांनी एक परकं गाणं घेतलं. ते तिसऱ्या टेकला पार पडलं.

त्या गाण्याचं नाव ‘ॲना (गो टू हिम)’. बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या एलपीवर ते तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि लेबलवर गीतकार म्हणून एकच शब्द आहे, ‘अलेक्झांडर’. हा अलेक्झांडर कोण, असा प्रश्न तेव्हा फार थोड्या श्रोत्यांना पडला असेल. आजही फारसा पडत नाही.

आर्थर अलेक्झांडर १० मे १९४० रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या शेफील्ड गावी जन्मला. म्हणजे लेननपेक्षा जेमतेम पाच महिन्यांनी मोठा. टेनेसी नदीच्या काठची शेफील्ड, फ्लॉरेन्स, टस्कम्बिया आणि मसल शोल्स ही गावं एकमेकांना चिकटूनच आहेत. पुढे या टापूला संगीताच्या जगात ‘मसल शोल्स’ या एकाच नावाने ओळखू लागले, पण १९६० च्या आसपास तिथे नाव घेण्यासारखं काही नव्हतं. आर्थर हॉटेलात सामान उचलण्याचं काम करायचा आणि मोकळ्या वेळात गाणी रचायचा. तो काळा होता आणि चर्चमधलं गॉस्पेल त्याच्या कानावर होतंच. पण लहानपणापासून त्याला ओढ होती ती काऊबॉय सिनेमांची आणि गोऱ्यांच्या कंट्री संगीताची. घोड्यावर बसून गाणारा जीन ऑट्री त्याचा आवडता. त्याच्या गाण्याची सगळी गंमत या मिश्रणात आहे.

सोल म्हणजे, थोडक्यात सांगायचं तर, चर्चमधल्या गॉस्पेलची तळमळ आणि रिदम अँड ब्लूजचा ठेका यांची सोयरीक. देवासाठी आळवलेला सूर इथे प्रेयसीसाठी आळवला जातो. रे चार्ल्सने पन्नाशीच्या दशकात हे केलं तेव्हा धार्मिक मंडळी भडकली होती. सोल बॅलड हा त्यातला संथ प्रकार: विरह, विनवणी, पश्चात्ताप. बहुतेक सोल गायक तिथे आवाज फोडतात, गुडघ्यांवर येतात. अलेक्झांडर येत नाही. तो कंट्री गायकासारखा सरळ उभा राहून, न ओरडता, घडलं ते सांगतो. दुःख आवाजात असतं, पण त्याचं प्रदर्शन नसतं.

१९६१ मध्ये रिक हॉल या धडपड्या गोऱ्या निर्मात्याने एका जुन्या तंबाखूच्या वखारीत स्टुडिओ थाटला होता, नाव ‘फेम’. तिथे त्याने अलेक्झांडरचं ‘यू बेटर मूव्ह ऑन’ ध्वनिमुद्रित केलं. साथीला नॉर्बर्ट पटनम, डेव्हिड ब्रिग्ज, जेरी कॅरिगन ही स्थानिक गोरी पोरं. शाळा, बस, उपाहारगृहं सगळीकडे वर्णभेदाची भिंत असलेल्या अलाबामात हा प्रकार चालला होता. जानेवारी १९६३ मध्ये त्याच राज्याच्या गव्हर्नरपदाची शपथ घेताना जॉर्ज वॉलेसने वर्णभेद कायम ठेवण्याची जाहीर घोषणा केली, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या वखारीची किंमत कळते. हॉल टेप घेऊन नॅशव्हिलमध्ये दारोदार फिरला आणि नकार पचवून शेवटी डॉट रेकॉर्ड्सशी त्याचं जमलं. १९६२ च्या सुरुवातीला गाणं अमेरिकेच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या पैशांतून हॉलने नवा, धड स्टुडिओ बांधला. गायकाला मात्र कंपनीने नॅशव्हिलला नेलं.

डॉट या नावापाशी जरा थांबायला हवं. गोरा गायक पॅट बून याच कंपनीचा. १९५५ मध्ये फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ बूनने गुळगुळीत करून गायलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. डॉमिनोचं मूळ गाणं दहाव्यावर अडकलं. पुढल्या वर्षी लिटल रिचर्डच्या ‘टूटी फ्रूटी’चंही तेच झालं. दुसऱ्याचं गाणं आपण गाऊन रेकॉर्ड काढणं, म्हणजे कव्हर, ही त्या धंद्यातली नेहमीची रीत. पण पन्नाशीच्या दशकात तिचा एक ओंगळ उपयोग होता: काळ्या गायकाचं गाणं बाजारात येताच गोऱ्या गायकाकडून त्याची धुतलेली आवृत्ती काढायची आणि गोऱ्यांच्या रेडिओवर तीच वाजवायची. त्या धंद्यात हात मुरलेल्या कंपनीनेच १९६२ च्या सप्टेंबरात अलेक्झांडरची ‘ॲना’ बाजारात आणली. काळ्या श्रोत्यांच्या रिदम अँड ब्लूज यादीत ती दहावी आली, सर्वसाधारण यादीत ६८ च्या पुढे सरकली नाही.

लिव्हरपूलमध्ये वेगळंच घडत होतं. डॉटची गाणी इंग्लंडात ‘लंडन’ या लेबलवर निघत. बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन याच्या घरचं रेकॉर्डचं दुकान होतं, आणि ही पोरं तिथल्या बूथमध्ये उभं राहून नव्या तबकड्या ऐकत. कुणाला ठाऊक नसलेलं गाणं आपण आधी उचलायचं, अशी तिथल्या बँडांची चढाओढच होती. अलेक्झांडर त्यांचा खास आवडता. त्या काळात आपल्याला आर्थर अलेक्झांडरसारखं व्हायचं होतं, असं पॉल मॅकार्टनीने पुढे इतिहासकार मार्क लुइसनला सांगितलं आहे. ही नुसती सभ्यता नव्हती. ‘ॲना’खेरीज ‘सोल्जर ऑफ लव्ह’ आणि ‘अ शॉट ऑफ रिदम अँड ब्लूज’ ही अलेक्झांडरच्या रेकॉर्डवरची गाणीही ते बीबीसीवर गायले.

आता खुद्द गाणं. गोष्ट एवढीच: ती म्हणते, मला जाऊ दे, दुसरा कुणी माझ्यावर जास्त प्रेम करतो. तो म्हणतो, जा. फक्त जाण्याआधी अंगठी परत कर. मधल्या कडव्यात तो कबूल करतो की आपण प्रेम करतो तसं आपल्यावर करणारी मुलगी त्याला जन्मभर सापडली नाही. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. डी मेजर आणि बी मायनर या दोन कॉर्ड्सवर गाणं झुलत राहतं, एक उजळ, एक उदास. शब्दांत जे चाललंय तेच खाली सुरांत.

मूळ रेकॉर्डवर ओळींच्या मधल्या जागा भरतो पियानो. तो वाजवणारा फ्लॉइड क्रेमर नॅशव्हिलचा नामांकित वादक. शेजारच्या सुराला निसटता स्पर्श करून मुख्य सुरावर यायचं ही त्याची खासियत. आपल्याकडे गाणारे ज्याला कणस्वर म्हणतात, त्याच जातीचं हे काम. बीटल्सकडे त्या रात्री पियानोवर क्रेमर नव्हता. जॉर्ज हॅरिसनने ती सुरावट सरळ गिटारवर घेतली. सूर तेच, पण पियानोवर जे पाझरल्यासारखं वाटतं ते गिटारच्या तारेवर ठिबकल्यासारखं वाटतं. मूळचा तो अडखळत चालणारा, दोन पावलांमध्ये क्षणभर थबकणारा ठेका रिंगो स्टारने जवळजवळ तसाच उचलला. रिंगोला ढोलकी बडवणारा म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा फक्त ड्रम्सकडे कान देऊन ‘ॲना’ ऐकावी.

त्यासाठी सोयही आहे. तेव्हा ईएमआयमध्ये यंत्र दोनच ट्रॅकचं होतं: एकावर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. जुन्या स्टिरिओ आवृत्तीत ते तसेच डावी-उजवीकडे वेगळे पडले आहेत. उजव्या कानातला इअरफोन काढला की चौघांचं वाजवणं उघडं ऐकू येतं. डाव्या कानातला काढला की उरतो लेननचा आवाज आणि मागे मॅकार्टनी-हॅरिसनची साथ.

तो आवाज बसलेला आहे. नाक चोंदलेलं आहे, वरच्या सुरांना धार आली आहे. पहिल्या ओळींत लेनन अलेक्झांडरचाच संयम पाळतो. शब्द तोडण्याच्या जागाही त्याच्याच. पण मधलं कडवं आलं की त्याचा धीर सुटतो. जिथे अलेक्झांडर सूर पोटात घेतो, तिथे लेनन तो घशातून खेचून काढतो, आणि सर्दीने खरवडलेला तो घसा अगदी कामी येतो. एकच बंदिश दोन घराण्यांच्या गवयांनी मांडावी तसा हा फरक आहे: चीज तीच, पण एकाचा पुरुष निरोप देताना मान ताठ ठेवतो आणि दुसऱ्याचा दार लागल्यावर कोसळणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. बावीस वर्षांच्या पोराने दुसऱ्या बावीस वर्षांच्या पोराचं दुःख उसनं घेतलं आणि आपल्या स्वभावाने गायलं. कव्हर यशस्वी होतं ते इथे. नुसती नक्कल असती तर मूळ रेकॉर्ड पुरेशी होती. उलट, ठेका नि सुरावटी बदलून टाकल्या असत्या तर ‘ॲना’ उरलीच नसती.

दोन्हींत सरस कोणती? मधल्या कडव्यापुरता लेनन पुढे आहे, यात वाद नाही. पण गाणं अखेर समजूतदारपणाचं आहे, आणि तो समजूतदारपणा अलेक्झांडरच्या आवाजात जास्त खरा वाटतो. लेननचा माणूस अंगठी परत मागतो तेव्हा त्यात थोडा राग ऐकू येतो. अलेक्झांडरच्या मागण्यात फक्त थकवा आहे, आणि तो जास्त लागतो.

एलपी २२ मार्च १९६३ रोजी बाजारात आली आणि ब्रिटनच्या यादीत तीस आठवडे अव्वल राहिली. चौदापैकी आठ गाणी त्यांची स्वतःची, सहा परकी. परक्यांपैकी ‘ॲना’, ‘चेन्स’, ‘बॉइज’, ‘बेबी इट्स यू’ आणि ‘ट्विस्ट अँड शाउट’ अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या तबकड्यांवरून घेतलेली. ती उसनवारी लपवलेली नव्हती. भेटेल त्याला ही पोरं आपल्या आवडत्या गायकांची नावं सांगत. बूनच्या कव्हरमध्ये आणि यांच्यात फरक हाच: तिथे मूळ गायकाला बाजूला सारायचं होतं, इथे त्याच्यासारखं गाता यावं असा ध्यास होता. बाजाराने मात्र निकाल जवळपास तोच लावला. ‘ॲना’ म्हटलं की जगाला लेनन आठवतो.

पुढच्या योगायोगांना तोड नाही. एलपीच्या ध्वनिमुद्रणाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९६४ ला, बीटल्सचा अमेरिकेतला पहिला जाहीर कार्यक्रम वॉशिंग्टनमध्ये झाला. त्यांच्या आधी टॉमी रो गायला, आणि त्याच्या साथीला होते पटनम, ब्रिग्ज आणि कॅरिगन, म्हणजे अलेक्झांडरच्या पहिल्या हिट गाण्यात वाजवणारी वखारीतली तीच मंडळी! त्याआधी महिनाभर रोलिंग स्टोन्सने ‘यू बेटर मूव्ह ऑन’ आपल्या ईपीवर घेतलं होतं. डिसेंबर १९६९ मध्ये तर स्टोन्स स्वतःच अलाबामात येऊन पोचले आणि ‘ब्राउन शुगर’ व ‘वाइल्ड हॉर्सेस’ त्यांनी ध्वनिमुद्रित केली ती शेफील्डमध्ये, अलेक्झांडरच्या जन्मगावी.

अलेक्झांडर तोवर मागे पडला होता. १९७२ मध्ये ‘बर्निंग लव्ह’ आधी त्याने गायलं, पण गाजलं ते त्याच वर्षीचं एल्विसचं. १९७५ मध्ये एक गाणं कसंबसं यादीत चढलं. त्यानंतर संगीत सोडून तो क्लीव्हलंडमध्ये एका समाजसेवी संस्थेची बस चालवू लागला. बॉब डिलनने १९८८ मध्ये त्याचं ‘सॅली सू ब्राउन’ गायलं, तेव्हाही तो संगीतापासून दूरच होता. बीटल्स, स्टोन्स आणि डिलन, तिघांनीही ज्याची गाणी गायली असा गीतकार बस चालवतोय, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर वाचकांनी नाक मुरडलं असतं.

१९९३ च्या वसंतात ‘लोनली जस्ट लाइक मी’ हा त्याचा नवा अल्बम निघाला आणि समीक्षकांनी तो उचलून धरला. नव्या साथीदारांसह तो नॅशव्हिलमध्ये मंचावर उभा राहिला आणि काही दिवसांतच, ९ जूनला, हृदयविकाराने गेला. वय ५३.

दोन्ही ‘ॲना’ आज मोबाइलवर सहज मिळतात आणि दोन्ही मिळून जेमतेम सहा मिनिटांच्या आहेत. आधी अलेक्झांडरची ऐका, मग लेननची.