एक्झॉस्ट फॅन लावताय? आधी बघा, हवा जाते कुठे

फिटिंगचं काम सुरू करणाऱ्यांची एक चूक नेहमी दिसते. फॅन फिरला की काम झालं समजायचं आणि पैसे घेऊन निघायचं. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते हवा बाहेर जाण्याचे.

आपल्या परळीचंच घ्या. वैजनाथाच्या दर्शनाला महाशिवरात्रीला, श्रावणात गर्दी असते, म्हणून लॉजही आहेत. लॉजच्या आतल्या बाथरूमला बऱ्याचदा बाहेरची भिंतच नसते. फॅन हवा डक्टमध्ये टाकतो. डक्ट वरून पत्र्याने बंद केलेला असला, की खालचा वास वरच्या खोलीत. फॉल्स सीलिंग असेल तर अजून गंमत! फॅन वरच्या पोकळीतच फुंकत बसतो, तिथं ओल धरते, आणि मालक स्लॅब गळतोय म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो.

तपासायचं कसं? जाळीला टिश्यू पेपर लावा. चिकटला तर फॅन हवा ओढतोय, एवढंच कळलं. कुठं सोडतोय ते अजून कळलेलं नाही. मेन स्विच बंद करून जाळी काढा, मोबाईलच्या टॉर्चने मागे बघा: उजेड दिसतो, पाईप दिसतो की नुसती पोकळी? मग फॅन चालू करून जोडीदाराला गच्चीवर किंवा मागच्या बोळात पाठवा. झडपा उघडल्या का, हाताला हवा लागते का, हे त्याने फोनवर सांगायचं. टिश्यू चिकटतच नसेल तर दार थोडं उघडून बघा. दाराखाली फट नसली की आत हवा येत नाही, आणि आली नाही तर जाणार कुठून?

आता खरी काळजीची गोष्ट. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर फॅन विकून मोकळे होऊ नका. कमी हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, जीवही जातो. डक्ट बंद असेल तर फॅनचा उपयोग नाही. दार घट्ट असेल तर फॅन उलट गीझरच्या धुराड्यातला धूर आत ओढू शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत घ्यायला सांगा. फॅनची ऑर्डर गेली तरी चालेल.

तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि हवा कुठं निघते ते बिलावर एका ओळीत लिहून द्या.