रक्त कमी, लोह जास्त : थॅलेसेमियाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तविकार असला तरी तो असलेले बाळ जन्मतः धडधाकट दिसते, कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींमधले प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन, पहिले काही महिने त्याला पुरते. त्यानंतर प्रौढ हिमोग्लोबिनाने त्याची जागा घ्यायची असते. परंतु त्यातली बीटा नावाची साखळी घडवणारी, अकराव्या गुणसूत्रांच्या जोडीवरची दोन्ही जनुके सदोष असल्याने ते पुरेसे तयार होत नाही, आणि बहुधा सहा महिने ते दोन वर्षे या वयात मूल फिकट पडते, त्याचे वजन वाढेनासे होते व प्लीहा म्हणजे पाणथरी वाढून पोट पुढे येते.

‘अंगात रक्त कमी आहे’ या घरगुती निदानात चूक नसते. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. रक्त कमी म्हणजे लोह कमी, या समजुतीपोटी बीट, खजूर, गूळ आणि दुकानातून परस्पर आणलेले लोहाचे टॉनिक सुरू होते. या आजारात मात्र आतडे गरजेपेक्षा अधिक लोह शोषून घेते आणि पुढे चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात येते, तर शरीराबाहेर टाकले जाणारे लोह दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम असते. म्हणून लोहाची उणीव तपासणीत सिद्ध झाल्याशिवाय अशा मुलाला लोहाचे औषध देणे म्हणजे मायेपोटी केलेला अपायच होय.

याहून महागात पडणारा गैरसमज म्हणजे रक्त चढवले की उपचार पूर्ण झाला. साधारणपणे दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त दिल्यावर मूल खेळू लागते, भूक लागल्याचे सांगते, आणि घरच्यांना वाटते की आता काही बाकी उरले नाही. साठणारे लोह मात्र दिसत नाही. ते यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि हृदयात मुरत जाते, आणि या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण रक्ताची कमतरता नसून लोहाने निकामी केलेले हृदय हेच दीर्घकाळ राहिले आहे. हे लोह बाहेर काढणारी औषधे जवळजवळ रोज घ्यावी लागतात : डेफेरॉक्सामिन हे औषध छोट्या पंपाने त्वचेखाली आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच ते सात रात्री द्यावे लागते, तर डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स ही तोंडाने घ्यायची औषधे आहेत. रक्तातल्या फेरिटिनची, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाची, नियमित मोजणी करून त्यांची मात्रा ठरते. मे महिन्यात आणि दिवाळीत शिबिरे कमी होऊन रक्ताचा तुटवडा पडतो तेव्हा सारे घर धावपळ करते. गोळीचा नागा मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

आजार ‘सुनेच्या माहेराकडून आला’ हा आरोप तर शास्त्राला धरून नाहीच. मूल मेजर होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडून यावे लागते, आणि हे दोघेही सहसा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, निरोगी वाहक असतात. वय वाढले म्हणून मायनरचे मेजर होत नाही. दोघेही वाहक असतील तर बाधित मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. मात्र हा हिशेब प्रत्येक गर्भारपणात नव्याने लागू होतो, त्यामुळे पहिले मूल बाधित झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे मुळीच नाही. ‘हा सिंधी-पंजाबी लोकांचा आजार, आमच्यात नाही’ हे विधानही अर्धसत्य आहे : सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असले तरी इतर समाज त्यापासून मुक्त नाहीत, आणि नात्यात लग्न झालेले नसले तरी दोन वाहक एकत्र येऊ शकतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या दुसऱ्या रक्तविकाराचे जनुकही आढळते; एका पालकाकडून ते आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आल्यास होणारा संयुक्त आजारही गंभीर असू शकतो. हिमोग्लोबिन ए-टू या घटकाचे वाढलेले प्रमाण, बहुधा साडेतीन टक्क्यांहून अधिक, वाहकाची ओळख पटवते. ही तपासणी लग्नापूर्वी, निदान पहिल्या गर्भारपणाच्या आरंभी झाली, तर गरज पडल्यास दहा ते बारा आठवड्यांत गर्भाचे निदान करता येते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, परंतु मज्जा कोणाचीही चालत नाही. सख्ख्या भावंडाची ऊती जुळण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि दात्यासाठी दुसरे मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या वाहक पालकांनी हेही जाणावे की ते बाळ मेजर नसेल आणि जुळणारेही असेल, याची नैसर्गिक शक्यता सोळांत तीन, म्हणजे सुमारे 19 टक्केच आहे. दात्याच्या पाठीच्या कण्यात सुई घालून त्याला लुळे करतात, ही भीती निराधार आहे; मज्जा कमरेच्या हाडातून भूल देऊन काढतात आणि ती पुन्हा भरून येते. उलट ‘घरचेच रक्त चांगले’ म्हणून आईवडिलांचे किंवा भावंडांचे रक्त चढवणे टाळावे, कारण त्यामुळे नंतरच्या प्रत्यारोपणात मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो.

नीट उपचार मिळालेली मुले आज प्रौढ होतात, शिकतात, संसार करतात, त्यामुळे कायद्याविषयीचे गैरसमजही दूर झाले पाहिजेत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्व मानले आहे आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमधील राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतील राखीव जागांच्या प्रवर्गांत मात्र रक्तविकारांचा समावेश त्या कायद्यात केलेला नाही.