‘केटी लागली, आता संपलं’ आणि असे आणखी काही समज

वसई-विरारमधले कितीतरी आई-वडील पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री दमून घरी येतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाशी निवांत बोलायला उरतो तो रविवार. त्या दिवशी काळजीपोटी तोंडून निघालेलं एखादं चुकीचं वाक्य आठवडाभर मुलाच्या मनात ठसठसत राहतं. म्हणून नेहमी कानावर येणारी ही काही वाक्यं तपासून पाहायला हवीत.

‘केटी लागली म्हणजे वर्ष गेलं.’

नाही. केटी म्हणजे विषय राहणं. मुंबई विद्यापीठात ठरावीक मर्यादेत विषय राहिले तर एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं आणि राहिलेला पेपर नंतर सोडवता येतो. गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं, पण त्या अर्जाला मुदत असते. ओरडा बसेल या भीतीने मूल निकाल दडवतं आणि नेमकी ती तारीख निघून जाते. खरं नुकसान होतं ते इथे. घरची अडचण म्हणून शिक्षण मध्येच थांबवावं लागलं, तरी नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेली क्रेडिट्स ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या डिजिटल खात्यात 7 वर्षांपर्यंत वैध राहतात. परतीची वाट उघडी असते.

‘एनएसएस म्हणजे टाइमपास.’

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 1969 पासून चालत आलेली. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. एखाद्या पाड्यावर मुक्काम करून अनोळखी माणसांशी बोलायला, पंगत वाढायला, वेळ पाळायला मूल शिकतं. आता तर या कामाची क्रेडिट्सही मिळतात.

‘दहा वेळा वाचलं की डोक्यात बसतं.’

विरार लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून झेरॉक्सच्या नोट्स वाचणारी मुलं रोज दिसतात. पिवळ्या मार्करने पान रंगलेलं असतं, ओळखीचं वाटतं, म्हणून ते येतं असंही वाटू लागतं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना 42 टक्के आठवलं, तर आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. तेव्हा विरार ते नायगाव वाचा, मग नोट्स बॅगेत टाका आणि खाडीचा पूल ओलांडून भाईंदर येईपर्यंत मनात उत्तर मांडून पाहा. जे आठवलं नाही तेवढंच पुन्हा उघडा. अशा अभ्यासाला घरात वेगळी खोली किंवा टेबल लागत नाही, आणि नालासोपाऱ्यातल्या दहा बाय दहाच्या घरात राहणाऱ्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही.

‘काउन्सेलरकडे डोकं फिरलेली मुलं जातात.’

या समजाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. झोप लागत नाही, ‘वायवा’च्या आदल्या दिवशी पोटात गोळा येतो, पार्टटाइम नोकरी आणि सकाळचं कॉलेज यांचा मेळ बसत नाही, शाखाच चुकली असं वाटतं: ही सगळी काउन्सेलरकडे नेण्यासारखीच कारणं आहेत. तिथलं बोलणं गुप्त राहतं. जिवाला धोका असेल तर मात्र इतरांना सांगितलं जातं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. ‘आमच्या कॉलेजात कोण आहे, कुठल्या खोलीत, कोणत्या वेळी?’ हे प्राचार्यांना विचारणं पालकांचा हक्क आहे, आणि त्यांनी तो वापरावाच.

‘जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल.’

ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये या विषयावरच्या 13 अभ्यासांचा आढावा घेतला. विचारल्यामुळे असे विचार लक्षणीयरीत्या वाढल्याचं एकाही अभ्यासात आढळलं नाही. मूल अबोल झालं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, ‘माझ्याने नाही होणार’ असं पुन्हापुन्हा म्हणू लागलं, तर शेजारी बसून सरळ विचारा. उत्तर ऐकताना ओरडू नका, इतरांशी तुलना करू नका आणि त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. त्यावर मुलाच्या वतीने आई-वडीलही बोलू शकतात.