लेखांक सातवा : एकट्याचा आवाज आणि त्याभोवतीचे रिंगण

अंधेरीच्या जे. बी. नगर भागात वाढलेल्या विवियन फर्नांडिस, म्हणजेच ‘डिव्हाइन’, या रॅपरचा ‘कोहिनूर’ हा पहिला स्वतंत्र अल्बम ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या ‘ये मेरा बॉम्बे’ या गाण्याला सहा वर्षे लोटली होती आणि त्याच्या व नेझीच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत येऊन गेला होता. गल्लीत, साथीदारांच्या घोळक्यात वाढलेला आवाज ज्या दिवशी एकट्याच्या नावाने श्रोत्यांपुढे उभा राहतो, त्या दिवशी त्याचे स्वागत दोन निरनिराळ्या दरबारांत होते : आपला माणूस आपलाच राहिला काय, हे पाहणारे जुने सोबती एकीकडे, आणि पडद्यावर पाहिलेला नायक प्रत्यक्षात कसा आहे, या कुतूहलाने आलेले नवे श्रोते दुसरीकडे. एकट्याच्या कलाकृतीला समूहाची संमती कशी मिळते, हा प्रश्न या लेखमालेला जव्हार-मोखाड्याच्या मुलखाकडे नेतो. कारण हाच प्रश्न तेथील डोंगराळ पाड्यांनी फार पूर्वी, आणि माझ्या मते अधिक प्रगल्भपणे, सोडविला आहे.

तारपा हे वाद्य जवळून पाहावे. वाळविलेला दुधी भोपळा पोखरून हवेसाठी पोकळी करायची, तिच्यात बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, सांधे मधमाश्यांच्या मेणाने लिंपायचे आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा गुंडाळायचा. विकत आणावे असे यात जवळजवळ काहीच नाही. वाजविणारा नाकाने श्वास आत घेत असतानाच गालांत साठविलेली हवा नळ्यांत सोडीत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भात तयार झाल्यावर रात्री सुरू होणाऱ्या नाचात हा एकटा माणूस मधोमध चालत असतो, हातात हात गुंफलेले नाचणारे त्याच्याभोवती फिरत असतात, आणि त्याने सुरांचा घाट बदलला की पावलांचा चाळाही तत्काळ बदलतो. वादन पसंत पडले की नाही, हे कळण्यासाठी दुसऱ्या दिवसाच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही; रिंगण थांबले तर निकाल लागला, आणि पहाटेपर्यंत फिरले तर त्याहून मोठी सनद कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी ही सनद आयुष्यभर मिळविली. सरकारदरबारी त्यांची नोंद झाली ती मात्र वार्धक्यात : २०२२ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, आणि वयाची नव्वदी गाठल्यावर २०२६ मध्ये पद्मश्री. सन्मान झाला याचा आनंद निर्विवाद आहे. पण ज्या कलेला पाड्यावरच्या रिंगणाने पिढ्यान्‌पिढ्या मान्यता दिली, तिच्यापर्यंत पोचायला राज्यकर्त्यांना इतका काळ लागावा, ही गोष्ट मनाला लागते.

आता ‘कोहिनूर’च्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका गाण्याकडे वळू. ‘स्वदेशी’ या मुंबईतील बहुभाषक रॅपर मंडळींनी आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्याचा वाद तेव्हा पेटलेला होता, आणि ऑक्टोबरच्या आरंभी रात्रीच्या अंधारात करवती चालल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१९ रोजी पुढील तोडीस मनाई केली. गाण्याच्या नावातले बंड मात्र जुने आहे. १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागांतील वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नाच्या कर्जापायी माणसाला सावकाराच्या दावणीला बांधणाऱ्या लग्नगड्याच्या प्रथेविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या जमावावर गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार बळी पडले. जव्हारवर त्या वेळी मुकणे घराण्याचा संस्थानी अंमल होता आणि ब्रिटिश मुलखाचे कायदे त्या हद्दीपाशी थांबत; पण सोयरीक आणि नाच यांना संस्थानाची हद्द कधीच अडवू शकली नाही.

म्हणूनच रॅप ही परक्या मुलखातून आलेली, आपल्या मातीत न रुजणारी चीज आहे, हे मत मला मान्य नाही. घांगळीवर रात्रभर कणसरीची कथा सांगणारा भगत आणि टाळ्यांच्या ठेक्यावर आपली कैफियत मांडणारा तरुण यांचे काम एकच आहे : एकाने बोलायचे, ते सर्वांच्या वतीने बोलायचे, आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडासमोर बोलायचे. या मुलखात सांगण्यासारखे थोडे नाही. १९९२-९३ च्या सुमारास वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार-मोखाड्याचे नाव देशभर गेले, पण ते शोकवार्तेत गेले. पावसाळा सरल्यावर मजुरीसाठी घरदार सोडून वीटभट्ट्यांकडे निघणाऱ्या कुटुंबांची फिर्याद अजून संपलेली नाही. ती कोणा तरुणाने पुढे-मागे एकट्याच्या अल्बमात मांडली, तर त्याने श्रोत्यांचे आकडे जरूर मोजावेत; परंतु त्याआधी ती ध्वनिफीत वाळवंड्यासारख्या एखाद्या गावात वाजवून पाहावी, आणि तेथील म्हाताऱ्यांनी सांगितलेली दुरुस्ती मुकाट्याने करावी.

पुढील लेखांकात मोखाड्याच्या बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे धारण करून नाचणाऱ्या देवदैत्यांचा आणि ते मुखवटे वंशपरंपरेने सांभाळणाऱ्या घराण्यांचा, विचार करू.