हयातीचा रोजचा दाखला

निवृत्तिवेतनधारकांना साधारणतः दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला सादर करावा लागतो, हे आपल्या ग्राहकांना आणि शाखांमधील सहकाऱ्यांना सुपरिचित आहे. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाल्यापासून तो घरबसल्याही देता येतो. हौशी रेडिओचालक, म्हणजेच ‘हॅम’ मंडळी, मात्र असा दाखला रोज देत असतात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सूत्रधार एकेकाला पुकारतो आणि प्रत्येक जण हजेरी देऊन दोन शब्द बोलतो. या मेळ्याला ‘नेट’ म्हणतात. नेहमीचा एखादा आवाज दोन-तीन दिवस ऐकू आला नाही, तर कोणीतरी आपणहून चौकशी करतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने या हजेरीचे मोल फार मोठे आहे.

हा छंद केवळ करमणुकीचा नाही. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. त्यानंतर ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची कॉल साइन मिळते. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपात दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा हॅम मंडळींनी संदेशवहनाचा भार उचलला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, त्या वेळी भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह रेडिओ मोहिमेसाठी तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरमध्ये (आताच्या श्री विजयपुरममध्ये) होत्या. हौसेखातर नेलेल्या संचांवरूनच त्यांनी अंदमानातील अनेकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोचविली.

अँटेना मागे राहते तेव्हा

वय वाढते, जिने चढवेनासे होतात आणि देखभालीची सोय असलेल्या ज्येष्ठ नागरिक निवासात जाण्याचा निर्णय होतो. सामानाची आवराआवर सुरू झाली की ‘आता हे कशाला?’ हा प्रश्न सर्वांत आधी रेडिओ संचाबाबत विचारला जातो. प्रश्न अनाठायीही नसतो. सकाळच्या गप्पांसाठी लोकप्रिय असलेल्या सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर साधी द्विध्रुवी अँटेना ताणायची, तर सुमारे २० मीटर लांब तार लागते. निवासाच्या खोलीत ती मावत नाही आणि गच्चीवर बांधू देण्यास व्यवस्थापन सहसा राजी नसते. शिवाय लिफ्ट, चार्जर आणि एलईडी दिवे यांच्या खरखरीत दूरचे क्षीण संदेश बुडून जातात. मग संच विकला जातो आणि त्याबरोबर अनेक वर्षांची ती हजेरीही थांबते.

ही ताटातूट टाळण्याचा एक मार्ग आज उपलब्ध आहे. संच व अँटेना जुन्या घरी, मुलांकडे किंवा एखाद्या हॅम मित्राच्या जागेत ठेवावी, संचाला संगणक व इंटरनेट जोडावे आणि निवासातील खोलीतून लॅपटॉपवर तो चालवावा. आपला आवाज प्रथम इंटरनेटवरून त्या संचापर्यंत जातो. तेथून पुढे तो पूर्वीप्रमाणेच अँटेनातून निघून, आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरदेशी पोचतो. या मार्गात किंचित विलंब होतो. बोलताना त्याचे फारसे काही वाटत नाही. मोर्सची कळ दाबताना मात्र तो जाणवतो. अशा वेळी मजकूर संगणकावर टंकित करून पाठविणे सोयीचे पडते.

घ्यावयाची काळजी

इंटरनेट खंडित झाल्यास प्रक्षेपण आपोआप बंद होईल, अशी योजना हवी. विजेचा पुरवठा दुरून तोडता येईल असे बटण हवे. पावसाळ्यात विजा चमकू लागताच अँटेनाची जोडणी काढणारा विश्वासू माणूस तेथे हवा. संचाचा पासवर्ड तर बँक खात्याच्या पासवर्डइतकाच जपावा, कारण त्या संचावरून जे काही प्रक्षेपित होईल त्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. संच ज्या घरी ठेवला आहे तेथील विनापरवाना मंडळींना तो वापरता येत नाही. परवान्यावर केंद्राचा पत्ताही असतो. म्हणून संच हलविण्यापूर्वी स्थलांतराची पूर्तता करावी आणि दुरून संच चालविण्याबाबत लागू असलेले नियम दूरसंचार विभागाकडून लेखी विचारून घ्यावेत.

एवढी उठाठेव झेपणार नसेल, तर सुटसुटीत पर्यायही आहेत. अमेरिकेतील हॅम जोनाथन टेलर यांनी २००२ मध्ये आणलेल्या ‘एकोलिंक’द्वारे परवानाधारकाला संगणकावरून किंवा मोबाइलवरून जगभरच्या हॅम मंडळींशी बोलता येते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर घरबसल्या हाताळून युरोपातील लघुलहरी ऐकता येतात. ज्यांना ऐकणे वा बोलणे जड जाते, त्यांच्यासाठी २०१७ मध्ये आलेली ‘एफटी-८’ ही पद्धत उपयोगी आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळविणारे जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी ती विकसित केली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी छोटे संदेश पडद्यावर उमटतात. त्यात गप्पांची रंगत नसली, तरी दूरच्या कोणाला तरी आपली हाक पोचली, हा आनंद असतो.

यातील बहुतेक तयारी जुने घर सोडण्यापूर्वीच करावी. खात्यावर वारसाचे नामनिर्देशन जसे आपण हातपाय धड असताना करून ठेवतो, तसेच हे आहे. तारांची जोडणी कोठे कशी आहे, हे त्या वृद्धाला एकट्यालाच ठाऊक असते. ते त्याच्याकडून समजून घेऊन कागदावर उतरवावे. जुन्या घरातून पुढच्या घरी हजेरी दोन-चार आठवडे देऊन पाहावी. एखाद्या तरुण हॅमकडे देखरेख सोपवावी. त्या निमित्ताने त्यालाही अनुभवी गुरू लाभेल.

औषधे, जेवण आणि परिचारिका यांची व्यवस्था आपण वडीलधाऱ्यांसाठी मनापासून करतो. सकाळच्या हजेरीत आपले नाव पुकारले जावे आणि आपण ‘आहे’ म्हणावे, ही गरजही त्याच यादीत लिहून ठेवायला हवी. आपल्या परिचयात असे कोणी ज्येष्ठ हॅम असतील, तर संच विकण्याचे ठरविण्यापूर्वी त्यांच्यापाशी घटकाभर बसावे आणि तो कोठे ठेवता येईल, एवढे विचारावे.